रक्ती आवेची औषधे

गोदावरीच्या काठचे नांदेड आणि मांजरेच्या खोऱ्यातले लातूर या दोन गावांचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्यांतले नांदेड हे जिल्ह्याचे ठाणे, तर लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आणि धान्याची मोठी पेठ, ज्याला स्वतंत्र जिल्ह्याचा मान मिळावयास १९८२ साल उजाडावे लागले. या मुलखाच्या इतिहासकारांनी जमाबंदीचा, रेल्वेचा, दुष्काळांचा आणि मुक्तिसंग्रामाचा वृत्तांत पुष्कळ तपशिलाने लिहून ठेवला आहे. परंतु ऐन पंचविशी-तिशीतल्या माणसाला दिवसातून दहा-दहा वेळा लोटा घेऊन धावावयास लावणारे, रक्त आणि आव पाडून त्याचा सापळा करणारे, महिना-दोन महिने ओसरून पुन्हा उलटणारे जे दुखणे, त्याच्या औषधांचा वृत्तांत मात्र ग्रंथांच्या पानांत सहसा आढळत नाही. शौचाची गोष्ट चारचौघांत काढू नये, हा आपला शिष्टाचारच त्याला बहुधा कारण असावा.

आजचे वैद्यक या दुखण्याचे दोन मुख्य प्रकार मानते. एकात मोठ्या आतड्याचे आतले अस्तर गुदद्वारापासून वर वर सुजत जाते, त्यावर व्रण पडतात आणि त्यांतून रक्त झिरपते. हा ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’. दुसऱ्यात, म्हणजे ‘क्रोन्स’च्या विकारात, तोंडापासून गुदापर्यंत कोठेही, विशेषतः लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, आतड्याची भिंत आरपार सुजते, मार्ग चिंचोळा होतो, क्वचित भगंदर होते. दोहोंतही बाहेरचा कोणी एक शत्रू नसतो. शरीराची संरक्षणव्यवस्थाच आपल्या घरावर उठलेली असते. जंतूंनी होणारी आव आणि हा शोथ यांची बाह्य लक्षणे मात्र इतकी सारखी, आणि नदी-विहिरींच्या पाण्यावर जगणाऱ्या या प्रदेशात जंतूंची आव इतकी सार्वत्रिक, की या रोगाच्या औषधांचा इतिहास म्हणजे बव्हंशी रोग ओळखण्यातील चुकांचा इतिहास झाला. या चुका अडाणीपणाच्या होत्या असे मी म्हणणार नाही. त्या त्या काळी हाताशी जी साधने होती, त्यांच्या मानाने त्या अगदी वाजवी चुका होत्या.

प्रारंभ वैद्यांपासून करणे क्रमप्राप्त आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पंधरावा अध्याय ग्रहणीदोषाचा आणि एकोणिसावा अतिसाराचा. त्या अतिसाराच्या प्रकरणात रक्त पडणाऱ्या अतिसाराचे स्वतंत्र विवेचन आहे. कधी बांधून, कधी पातळ, पुन्हा पुन्हा होणारा आणि माणसाला कृश करणारा मलप्रवृत्तीचा जो विकार ग्रंथांत ‘ग्रहणी’ म्हणून येतो, आणि लोकांच्या तोंडी जो ‘संग्रहणी’ झाला, त्यात आजच्या भाषेतले अनेक रोग एकत्र नांदत असले पाहिजेत. त्यातलाच एक हा जीर्ण शोथ असणार, हे अनुमान फारसे धाडसाचे नाही. त्या अध्यायांतली सर्वांत विचारपूर्वक योजलेली चिकित्सा मला पिच्छाबस्तीची वाटते. सावरीची ओली देठे हिरव्या दर्भात गुंडाळावयाची, वरून काळ्या मातीचा लेप द्यावयाचा आणि तो गोळा गोवऱ्यांच्या विस्तवात ठेवावयाचा. माती सुकली की देठे काढून उखळात कुटावयाची, त्यांचा मूठभर गोळा तापवलेल्या दुधात कालवून गाळावयाचा, त्यात तेल, तूप आणि ज्येष्ठमधाचा कल्क मिसळावयाचा आणि तो बुळबुळीत द्रव गुदमार्गाने बस्ती म्हणून द्यावयाचा. सुजलेल्या, रक्ताळलेल्या अस्तरापर्यंत औषध तोंडाने पोचत नाही, ते थेट तेथेच नेऊन सोडले पाहिजे, ही यातली दृष्टी. विसाव्या शतकात ऑक्सफर्डला एक निर्णायक प्रयोग याच मार्गाने व्हावयाचा होता. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

दुसरी प्रसिद्ध चिकित्सा पर्पटीची. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने नावारूपास आणलेला हा रसकल्प. शुद्ध पारा आणि गंधक खलात काळीभोर कज्जली होईपर्यंत घोटावयाचा, ती कज्जली तूप लावलेल्या लोखंडी पळीत बोरीच्या निखाऱ्यांवर वितळवावयाची, आणि शेणावर पसरलेल्या केळीच्या पानावर ओतून वरून दुसऱ्या पानाने क्षणात दाबावयाची, म्हणजे पापडासारखी पातळ, कडकन मोडणारी वडी तयार होते. ग्रहणीच्या रोग्याला ती एक-दोन गुंजांपासून सुरू करून रोज चढवीत नेत, ठराविक मात्रेला पोचल्यावर तशीच उतरवीत, आणि या अवधीत अन्न व मीठ वर्ज्य करून रोग्याला केवळ दुधावर किंवा ताकावर ठेवीत. पाऱ्याच्या औषधांविषयी आज जी धास्ती बाळगली जाते ती अनाठायी नाही, आणि घरच्या घरी कोणी हा प्रयोग करावा असे कोणताही शहाणा वैद्य म्हणणार नाही. परंतु मात्रा चढवून नंतर पायरीपायरीने उतरवावयाची, एकदम तोडावयाची नाही, ही शिस्त पुढे दुसऱ्याच एका औषधाच्या बाबतीत मराठवाड्यातील रोग्यांना नव्याने शिकावी लागली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि राज्यातील सरकारी आयुर्वेद दवाखान्यांना औषधे पुरविणारी शासकीय आयुर्वेद व युनानी रसशाळाही तेथेच आहे. तेव्हा या परंपरेचा धागा त्या गावात तुटलेला नाही.

पण पर्पटी ही वैद्याच्या घरची वस्तू. खेड्यातल्या माणसाचे औषध म्हणजे कुडा. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट-माहूरकडे सागवानाचे जे जंगल आहे, तसल्या पानझडी रानात पांढऱ्या फुलांचे हे लहानसे झाड वाढते. त्याची साल आणि त्याचे बी, म्हणजे कडू इंद्रजव, हे आवेवरचे औषध म्हणून आठवडी बाजारापासून अत्ताराच्या दुकानापर्यंत सर्वत्र खपले. सालीचा काढा, कुटजारिष्ट, कुटजघनाच्या गोळ्या, बेलफळाचा मुरंबा आणि सुंठ-जिरे घातलेले ताक एवढ्या सामग्रीवर कित्येक पिढ्यांनी आपली पोटे सांभाळली. यातली मौज अशी की कुड्याचे एक जोडनाव फसवे आहे. काळा कुडा म्हणून जे दुसरे झाड आहे, त्याच्या दोन-दोन शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्या कुड्याच्या सुट्या लोंबतात. काळ्याच्या बियांना बाजारात गोडे इंद्रजव म्हणतात. जाणत्या वैदूला हा भेद दुरूनच कळे. युरोपात माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांना तो कळला नाही किंवा कळूनही त्यांनी डोळेझाक केली, आणि निरुपयोगी साल मिसळली गेल्यामुळे एकेकाळी विलायती औषधकोशात स्थान मिळवलेले हे द्रव्य तेथून बदनाम होऊन निघाले. १८५८ साली मुंबईत हेन्स यांनी सालीतले क्रियाशील द्रव्य, ज्याला पुढे कोनेसीन म्हणू लागले, वेगळे काढले, आणि १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या रामनाथ चोप्रा यांच्या देशी औषधींवरील ग्रंथाने कुड्याला पुन्हा शास्त्रीय प्रतिष्ठा दिली. अमीबाच्या आवेवर कुडा गुणकारी आहे, हे या संशोधनाने दाखवले. ज्या रोग्याच्या आतड्यात अमीबा नव्हताच, त्याला मात्र हा काढा पिऊन पिऊन फारसे काही हाती लागत नसणार.

निजामाच्या राज्यात १८६५ साली पहिल्या सालारजंगाने जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना, केली, आणि त्यानंतर जिल्ह्याच्या ठाण्यात अव्वल तालुकदाराच्या कचेरीबरोबर सरकारी दवाखानाही हळूहळू आला. हैदराबादेस १८४६ साली वैद्यकाची शाळा निघाली होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा सर्व शास्त्रे उर्दूतून शिकविण्याचा त्याने जो प्रयोग केला, त्यात वैद्यकही होते. तेव्हा १९४८ च्या पोलीस कारवाईपूर्वी नांदेडच्या दवाखान्यात नेमणुकीवर आलेल्या तरुण डॉक्टराने अमीबाची गोष्ट उर्दू पाठ्यपुस्तकातून पाठ केली असावी, आणि त्याच्यासमोर बसलेल्या रोग्याने आपले गाऱ्हाणे मराठवाडी मराठीत सांगितले असावे, असे चित्र सहज डोळ्यांपुढे येते. शेजारी हकिमांचा शफाखाना होताच. युनानी वैद्यकात आवेसाठी ‘ज़हीर’ ही संज्ञा आहे, आणि इसबगोल, बेलगीर, अनारदाणा, कडू इंद्रजव यांची सफूफ, म्हणजे चूर्णे, हकीम बांधून देत. वैद्य आणि हकीम यांचे शास्त्रार्थ निराळे, परंतु पुड्यांतली द्रव्ये पुष्कळ अंशी एकच. कारण दोघांचाही माल एकाच अत्ताराकडून येई. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची रेल्वे नांदेडवरून मनमाडास गेली आणि १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी लातुरास पोचली, तेव्हापासून मुंबई-पनवेलकडची तयार आसवे-अरिष्टे आणि विलायती बाटल्या या दोन्ही पेठांत उतरू लागणे स्वाभाविक होते.

१९१२ साली कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटीनचे इंजेक्शन अमीबाच्या आवेवर वापरून दाखवले आणि हिंदुस्थानभर या रोगाच्या चिकित्सेत क्रांती झाली. औषध मोठे जालीम. हृदयावर त्याचा परिणाम होई म्हणून रोग्याला अंथरुणावर निजवून ठेवीत. पण त्याने मरणाऱ्याला उठवून बसवले, आणि म्हणूनच एक नवा भ्रम रूढ झाला: ज्याला इंजेक्शनाने उतार पडला नाही, त्याची आव ‘जुनी’ झाली. या ‘जुन्या आवे’च्या शिक्क्याखाली पुढची पन्नासेक वर्षे असंख्य कोलायटिसचे रोगी दडून राहिले असले पाहिजेत. एंटेरोव्हायोफॉर्म आणि त्याच जातीच्या गोळ्या किराणा दुकानातसुद्धा मिळू लागल्या. प्रवासाला निघताना पिशवीत त्यांची पट्टी टाकणे हा मध्यमवर्गाचा रिवाज झाला. जपानात याच द्रव्याने हजारो माणसांचे पाय लुळे पडले आणि दृष्टी अधू झाली असे ध्यानात येऊन १९७० साली तेथे त्याच्यावर बंदी आली, तरी आपल्याकडे ते त्यापुढेही कित्येक वर्षे विकले गेले. मेट्रोनिडाझोल १९६६ नंतर आवेवर आले, तेव्हा त्या गोळीनेही तीच जागा घेतली. आजही तालुक्याच्या गावी मेडिकलच्या काउंटरवर ‘आव पडतीया’ एवढे म्हटले, की दुकानदार न विचारता तीच गोळी पुढे करतो.

इकडे ही आव जुनी होत होती, तेव्हा तिकडे या रोगाची ओळख पटत आली होती. १८५९ साली लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी एका मृत स्त्रीच्या आतड्यातील व्रणांचे वर्णन केले. १९३२ साली न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लहान आतड्याच्या विकाराचे. औषध मात्र आले ते एका विलक्षण चुकीतून. स्वीडनच्या नान्ना स्वार्ट्स या विदुषीची, ज्या १९३७ साली प्राध्यापकपदी नियुक्त झाल्या आणि पुढे राजवैद्य झाल्या, अशी समजूत होती की संधिवात हा जंतूंचा रोग आहे. म्हणून जंतुघ्न सल्फापिरिडीन आणि वेदनाशामक सॅलिसिलेट यांना एकाच रेणूत जोडून त्यांनी फार्मासिया कंपनीकडून एक पिवळे-नारिंगी द्रव्य तयार करून घेतले. संधिवाताच्या ज्या रोग्यांना कोलायटिसही होता, त्यांचे पोटही थांबले असे त्यांना आढळले, आणि १९४२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. हेच सल्फासॅलाझिन. या द्रव्याची चतुराई अशी की लहान आतड्यात ते फारसे शोषले जात नाही. मोठ्या आतड्यातले जंतू त्याचा जोड तोडतात, आणि औषध नेमके जखमेच्या ठिकाणी सुटे होते. दोन भागांपैकी खरा कामाचा कोणता, हा प्रश्न तीस-पस्तीस वर्षे अनुत्तरित होता. १९७७ साली ऑक्सफर्डला ट्रूलव्ह यांच्याकडे काम करणाऱ्या, बांगलादेशच्या ए. के. आझाद खान यांनी ते दोन्ही भाग वेगवेगळे करून रोग्यांना गुदमार्गाने दिले, आणि गुण सॅलिसिलेटच्या भागाचा आहे, सल्फा हा केवळ भारवाही, हे सिद्ध केले. चरकाच्या बस्तीशी या प्रयोगाचे नाते जोडण्याचा मोह मला आवरत नाही, जरी आझाद खानांच्या मनात सावरीची देठे नव्हती हे उघड आहे. त्या शोधातून सल्फा वगळलेले मेसालामिन निघाले. सल्फाने ज्यांच्या अंगावर पुरळ उठे, मळमळे, त्यांची सुटका झाली.

ट्रूलव्ह यांचे नाव आणखी एका कारणासाठी घेतले पाहिजे. १९५५ साली त्यांनी आणि विट्स यांनी दोनशेवर रोग्यांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले, एकाला कॉर्टिसोन आणि दुसऱ्याला दिसावयास तसेच पण निष्क्रिय औषध दिले, आणि स्टेरॉइडाने तीव्र कोलायटिस आटोक्यात येतो हे निर्विवाद दाखवले. तेव्हापासून प्रेडनिसोलोनची ती लहानशी पांढरी गोळी या रोगाची सर्वांत जलद, आणि म्हणूनच सर्वांत धोक्याची चिकित्सा झाली. आठ दिवसांत रक्त थांबते, भूक लागते, चेहरा भरतो. खेड्यात त्या सुजलेल्या चेहऱ्याला ‘अंग धरलं’ म्हणतात. मग रोगी आपल्या मनाने गोळी एकदम सोडतो आणि रोग दुप्पट जोराने उलटतो, किंवा उलट, चिठ्ठीवर चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे तीच घेत राहतो, आणि हाडे ठिसूळ होऊन, रक्तातील साखर वाढून नवे दुखणे विकत घेतो. मात्रा हळूहळू उतरवावयाची, ही पर्पटीच्या कल्पातली शिस्त येथे जीवनमरणाची ठरते. आम्लपित्तापासून दम्यापर्यंत सर्व रोगांवर पुडीतून बिननावाच्या गोळ्या देणाऱ्या ‘डाक्टरां’नी या औषधाचा जो गैरवापर केला, त्याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडावयाचा नाही.

रोग प्रत्यक्ष पाहता येणे ही खरी कलाटणी होती, आणि ती मराठवाड्यात रुग्णालयांबरोबर आली. १९६६ साली डॉ. अशोकराव कुकडे, डॉ. ज्योत्स्ना कुकडे, डॉ. अलूरकर आणि डॉ. भराडिया यांनी लातुरास विवेकानंद रुग्णालय सुरू केले. शहरात मोठ्या शस्त्रक्रियांची सोय नसलेल्या त्या काळात तरुण डॉक्टरांनी मुंबई-पुण्याकडे पाठ फिरवून तेथे जाणे ही साधी गोष्ट नव्हती. १९७४ साली अंबाजोगाईस, १९८८ साली नांदेडला आणि २००२ साली लातुरास सरकारी वैद्यकीय महाविद्यालये निघाली. वळणारी दुर्बीण मोठ्या आतड्यात सरकवून आतला भाग डोळ्यांनी पाहण्याची आणि चिमटीएवढा तुकडा तपासणीस काढण्याची विद्या जगात १९६० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाली होती. ती जिल्ह्याच्या गावी रुळली तेव्हा ‘जुन्या आवे’चा शिक्का प्रथमच खरवडून पाहता आला. हा रोग गोऱ्यांचा, आपल्याकडे दुर्मीळ, अशी जी समजूत डॉक्टरांतही होती, तीही याच सुमारास ढळली: १९८६ साली हरियाणातील पाहणीत लाखामागे सुमारे ४३, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पंजाबातील पाहणीत सुमारे ४४ माणसे कोलायटिसची आढळली.

तरी एक जुनी गाठ सुटली नाही. क्रोन्सचा विकार आणि आतड्याचा क्षय हे दोन्ही त्याच जागी, लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी, बसतात. ताप, वजन घटणे, पोटात गोळा लागणे, सगळे सारखे. दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यातही पुष्कळदा उलगडा होत नाही. ज्या देशात क्षय घरोघर, तेथे डॉक्टरने आधी क्षयच धरावा हे रास्त. म्हणून आमच्याकडे रोग्याच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘एकेटी’, म्हणजे क्षयावरचा उपचार. दोन-तीन महिने क्षयाच्या गोळ्या द्यावयाच्या, व्रण भरतात का ते पुन्हा दुर्बिणीने पाहावयाचे, न भरल्यास क्रोन्स मानून दिशा बदलावयाची. या वाटेने काही रोग्यांचे महिने वाया जातात, हे खरे. पण उलट दिशेची चूक अधिक घातक: क्षयाच्या रोग्याला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले, तर दबलेला क्षय अंगभर पेटतो. युरोपातील डॉक्टरला हा निर्णय आयुष्यात चार वेळा करावा लागत असेल. नांदेडच्या डॉक्टरला तो नित्याचा आहे, आणि या एका बाबतीत त्याचे कौशल्य ग्रंथकर्त्यांपेक्षा उणे मानण्याचे कारण नाही.

नव्या शतकातील जैविक औषधांनी ही गाठ अधिकच घट्ट केली. शोथ भडकवणारा टीएनएफ नावाचा रेणू पकडून निष्प्रभ करणारे इन्फ्लिक्सिमॅब अमेरिकेत १९९८ साली क्रोन्ससाठी संमत झाले. थोड्याच वर्षांत असे दिसून आले की हाच रेणू शरीरात क्षयाला कोंडून ठेवण्याचेही काम करतो, आणि तो काढून घेतला की कोंडलेला क्षय सुटतो. त्यामुळे ही इंजेक्शने देण्यापूर्वी छातीचा फोटो आणि क्षयाची चाचणी करणे अनिवार्य झाले. दुसरी अडचण पैशाची. ही औषधे प्रारंभी मोजक्यांनाच परवडत. २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडस कंपनीने याच जातीच्या अडॅलिमुमॅबची जगातली पहिली प्रतिरूप आवृत्ती बाजारात आणली तेव्हा किंमत पुष्कळ उतरली, तरी कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्यात ती आली असे म्हणवत नाही. २०१२ च्या जुलैत राज्य सरकारची जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली त्यांत नांदेड होते. पण अशा योजनांचा भर रुग्णालयातील भरती आणि शस्त्रक्रिया यांवर, आणि कोलायटिसचा रोगी तर वर्षातले अकरा महिने घरी बसून गोळ्या खाणारा. मेसालामिन, अझाथायोप्रिन, लोह, कॅल्शियम यांचा महिन्याचा खर्च तो स्वतःच्या खिशातून करतो, आणि सोयाबीनचा भाव पडला की प्रथम याच गोळ्यांना कात्री लावतो.

संस्थान गेले, भाषावार प्रांतरचना झाली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, राजधानी मुंबईस गेली; परंतु पोटाच्या रोग्याची वाट मात्र बदलली नाही. लातूरकर सोलापूर-पुण्याकडे वळतो, पण नांदेड, बिलोली, देगलूर, किनवटचा रोगी आजही रात्रीच्या गाडीने हैदराबादेसच जातो. फरक इतकाच, की आजोबा अफजलगंजच्या उस्मानिया दवाखान्यात जात असत आणि नातू डॉ. नागेश्वर रेड्डी यांच्या पोटविकार संस्थेत जातो; तेथून तो तेलुगू-इंग्रजीत छापलेली फाइल, तीन महिन्यांची औषधे आणि इंजेक्शन असल्यास बर्फाचा डबा घेऊन परततो, आणि तो डबा गावी पोचेपर्यंत गार राहावा म्हणून वाटेत दोनदा बर्फ बदलतो.